चौकटीतला आवाज कोणाचा?

शालेय क्रमिक पुस्तकाला समीक्षेचा विषय मानण्याची प्रथा आपल्या साहित्यव्यवहारात फारशी नाही. कादंबरी, कवितासंग्रह, नाटक यांची परीक्षणे होतात. परंतु जे पुस्तक महाराष्ट्रातील बहुसंख्य घरांत जाते, ज्याची पाने मूल वर्षभर चाळते आणि ज्यातील कविता म्हातारपणीही ओठांवर येतात, त्या पुस्तकाकडे समीक्षक क्वचितच वळतो. १९६७ साली स्थापन झालेल्या 'बालभारती'ने मराठी मनाच्या घडणीत जो वाटा उचलला, त्याची मोजदाद अजून व्हावयाची आहे. याच पुस्तकात गेल्या काही वर्षांत एक नवी वस्तू आली. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांची एक लहानशी चौकट, जिला सारे जण 'क्यूआर कोड' म्हणून ओळखतात. पुस्तकाच्या पहिल्या पानावरील चौकटीसमोर मोबाइल धरला की संपूर्ण पुस्तक पडद्यावर येते. पाठातील चौकटीसमोर धरला की त्या पाठाविषयीचे दृक्श्राव्य साहित्य उघडते. पुस्तकात बसलेला हा नवा आवाज कोणाचा आहे आणि तो कोणाशी बोलतो, हे तपासण्याचा प्रयत्न आम्ही प्रस्तुत लेखात करणार आहोत.

महाराष्ट्रात ही चौकट ज्या शिक्षकाच्या नावाशी कायमची जोडली गेली, ते श्री. रणजितसिंह डिसले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीचे हे तरुण शिक्षक २००९ साली माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. अभियंता होण्याची इच्छा सोडून, वडिलांच्या सूचनेवरून ते अध्यापनाकडे वळले होते. ३ डिसेंबर २०२० रोजी त्यांना वार्की फाउंडेशनचा, युनेस्कोच्या सहयोगाने दिला जाणारा, १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील अन्य ९ शिक्षकांना वाटून दिली. या औदार्याचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. तथापि कौतुकाच्या गर्दीत मूळ कामाचे परीक्षण राहून गेले, असे आमचे मत आहे.

रिकामी पेटी

प्रथम साधनाविषयी. क्यूआर कोडचा जन्म शाळेत झालेला नाही. १९९४ साली जपानमधील डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनविणाऱ्या उद्योगात मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो तयार केला. कारखान्यातील भागांची नोंद जलद व्हावी, एवढाच त्यामागील हेतू. म्हणजे ज्या चौकटीकडे आज आपण ज्ञानाचे द्वार म्हणून पाहतो, ती मुळात कारखान्यातील मालाला लावलेली चिठ्ठी होय. यात कमीपणा काहीच नाही. विक्रोळीच्या वाचकांना तरी कारखान्याचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. १९५१-५२ च्या देशातील पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी बारा लाखांहून अधिक मतपेट्या विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात घडल्या, ही या उपनगराची अभिमानाची आठवण आहे. परंतु त्या पोलादी पेट्यांनी लोकशाही निर्माण केली, असे कोणी म्हणत नाही. पेटी मजबूत होती, कुलूप भक्कम होते. तरी तिचे मोल ठरले ते आत पडलेल्या चिठ्ठीवरून. क्यूआर कोड हीदेखील अशीच एक पेटी आहे. ती रिकामीही असू शकते, अथवा भलत्यानेच भरलेली असू शकते. म्हणून परीक्षण करावयाचे ते पेटीचे नव्हे, आतल्या ऐवजाचे.

परितेवाडीचे पान

डिसले यांच्या कामाचा जो परिचय पुरस्काराच्या वेळी प्रसिद्ध झाला, तो लक्षपूर्वक वाचला असता एक गोष्ट ध्यानात येते. वृत्तपत्रांनी क्यूआर कोड हे शब्द मथळ्यात घेतले. परिचयात मात्र त्याआधी दुसरेच काही सांगितले आहे. ही शाळा मोडकळीस आलेल्या एका वास्तूत, गुरांचा गोठा आणि कोठार यांच्या मध्ये भरत होती. मुलींची उपस्थिती अत्यल्प होती. आणि मुख्य म्हणजे पुस्तकाची भाषा मुलांच्या घरची नव्हती. त्यांच्या घरी कन्नड बोलली जात होती. शिक्षकाने ती भाषा शिकून घेतली, इयत्तांची पुस्तके मुलांच्या मातृभाषेत उतरविली, आणि त्यानंतर त्या पुस्तकांत चौकटी बसविल्या. त्यांतून ध्वनिमुद्रित कविता, गोष्टी, पाठांची चित्रे आणि स्वाध्याय मुलांपर्यंत गेले.

हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. आधी शिक्षक विद्यार्थी झाला, मग पुस्तकाला वाचा फुटली. सोलापूर हा सीमेलगतचा जिल्हा. तिथे मराठी आणि कन्नड शतकानुशतके एकाच अंगणात नांदत आल्या आहेत. अंगणात ही सरमिसळ सहज चालते. वर्गाचे दार ओलांडले की मात्र एक भाषा शहाणी ठरते आणि दुसरी अडाणी. सहा वर्षांची मुलगी मुकी बसते, तेव्हा ती मंदबुद्धी असते असे नाही. तिच्याशी तिच्या भाषेत कोणी बोललेलेच नसते. परितेवाडीच्या चौकटीतून तिला जो आवाज ऐकू आला, तो तिच्या घरच्या बोलीचा होता. त्या आवाजात तंत्राचा भाग थोडा आणि कानाचा भाग मोठा, असे आम्ही म्हणू.

प्रशस्तीतील सर्वच विधाने आम्ही सारख्याच विश्वासाने स्वीकारीत नाही. मुलींची उपस्थिती शंभर टक्के झाली, गावातील बालविवाहांची नोंद थांबली, असे त्या परिचयात म्हटले आहे. अशा गोष्टी घडाव्यात ही प्रत्येकाचीच इच्छा. पण गावातील विवाहाची रूढी बदलते ती आईबाप, ग्रामपंचायत, कायदा, एस.टी.ची सोय आणि शिकलेल्या थोरल्या बहिणीचे उदाहरण अशा अनेक कारणांनी. तिचे श्रेय एका चौकटीला, किंबहुना एका शिक्षकाला देणे, हा पुरस्कारांच्या भाषेचा दोष आहे. पुरस्काराला एक नायक हवा असतो. शिक्षण मात्र पुष्कळांच्या हातांनी होते.

या कामाची खरी मर्यादा आणखी एका ठिकाणी आहे. ते एका माणसाच्या श्रमावर उभे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बदली होते; नव्या शिक्षकाला मुलांची भाषा येईलच असे नाही. अशा वेळी चौकटी पानावर तशाच राहतात, त्यांतील ध्वनिफितीही वाजत राहतात. पण मुलाने मध्येच विचारलेल्या प्रश्नाला त्याच्या भाषेत उत्तर देणारा माणूस तिथे नसतो.

जे पसरले आणि जे राहिले

प्रायोगिक स्वरूपात यश दिसल्यावर महाराष्ट्र शासनाने २०१७ साली ही कल्पना राज्यातील पाठ्यपुस्तकांसाठी स्वीकारली. पुढे देशपातळीवरील पुस्तकांतही ती गेली. त्याच वर्षीच्या शिक्षकदिनी केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले. एका वाडीतील शिक्षकाची कल्पना राज्याने उचलावी, ही विरळा घटना आहे आणि तिचे श्रेय शासनालाही दिले पाहिजे.

परंतु समीक्षक या नात्याने येथे एक भेद नोंदविणे आमचे कर्तव्य आहे. परितेवाडीचा पाठ एका ठरावीक वर्गासाठी केलेला होता. कोणत्या मुलीला कोणता शब्द अडतो, हे करणाऱ्याला ठाऊक होते. राज्याच्या पुस्तकातील पाठ लक्षावधी मुलांसाठी असतो. तो कोणा एकाला उद्देशून असूच शकत नाही. साहित्यात पत्र आणि परिपत्रक यांत जो फरक, तोच येथे आहे. दोन्ही कागदावरच असतात, दोन्हींवर तारीख असते. पण पत्राला नाव असते. राज्यभर पसरली ती चौकट. मुलाची बोली शिकून घेण्याची जी तपश्चर्या तिच्यामागे होती, ती छापून वाटता येण्यासारखी नव्हती. शासनाची पुस्तके अनेक माध्यमांतून निघतात हे खरे. तथापि अहिराणी, कोरकू, गोरमाटी अथवा आपल्या वसईची सामवेदी बोलणाऱ्या मुलाला पहिल्या दिवशी जी भाषा भेटते, ती प्रमाण पुस्तकाचीच. त्या मुलाला चौकट उघडून दिली, तरी आतील आवाज त्याला परकाच राहणार.

मुंबईतही साधनांचे प्रयोग झाले. महानगरपालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या विद्यार्थ्यांना टॅब दिले. दप्तराचे ओझे कमी व्हावे हा त्यामागील हेतू. हेतू स्तुत्य होता, पण तो पाठीच्या ओझ्याविषयीचा होता. जी महापालिका आठ भाषांच्या माध्यमांतून शाळा चालविते, तिच्या वर्गांत दप्तराइतकेच भाषेचेही ओझे असते. ते टॅबने उतरणारे नव्हते.

मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपे लागली आणि ही साधने एकाएकी अनिवार्य झाली. राज्याच्या शैक्षणिक संशोधन परिषदेने दररोजची अभ्यासमाला व्हॉट्सॲपवरून पाठविण्यास आरंभ केला. जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठीची मालिका सुरू झाली. 'असर'च्या २०२० मधील पाहणीनुसार ग्रामीण भारतातील शाळकरी मुलांच्या घरांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता. दोनच वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ टक्के होते. वाढ मोठी होती. पण याचाच दुसरा अर्थ असा, की दर दहांपैकी जवळजवळ चार घरांत तो नव्हता; आणि जेथे होता, तेथेही तो पुष्कळदा कामावर जाणाऱ्या बापाच्या खिशात होता.

त्याच वर्षी, त्याच सोलापूर जिल्ह्यात एक निराळी कृती घडली. सोलापूर शहरातील नीलमनगर ही कापडउद्योगातील कामगारांची वस्ती. तेथील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी वस्तीतील सुमारे ३०० घरांच्या बाहेरील भिंतींवर पाठ रंगवून घेतले. मुळाक्षरे, गणिते, विज्ञानाच्या आकृत्या यांनी गल्ल्या भरून गेल्या. मुले अंतर राखून भिंतीपुढे उभी राहात आणि वाचीत. भिंतीला वीज लागत नाही, तिचे मासिक शुल्क नसते, आणि रस्त्याने जाणारी आईही थांबून तो पाठ वाचू शकते. एका जिल्ह्यातील एक प्रयोग जगभर गाजला, दुसरा काही दिवस वृत्तपत्रांत झळकून मागे पडला. आमच्या मते दोहोंचे मर्म एकच: मूल जेथे आहे तेथवर शिक्षक चालत गेला. नीलमनगरच्या शिक्षकांनी रंगाचा डबा उचलला, परितेवाडीच्या शिक्षकाने मोबाइल. यांपैकी कोणते साधन आधुनिक, हा प्रश्न गौण आहे.

एक जुना दाखला

आपल्या समाजाला हा अनुभव नवा नाही. १५५६ साली गोव्यात छपाईयंत्र आले, ते त्या काळचे सर्वांत नवे तंत्र. १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांना ते आयते मिळाले. पोर्तुगीज अथवा लॅटिन ग्रंथ छापून वाटणे त्यांना सोपे होते. परंतु हा इंग्रज येशूसंघीय आधी येथील भाषा शिकला, ओवीचा छंद त्याने कानात साठविला, आणि मग १६१६ साली राशोल येथे 'क्रिस्तपुराण' छापले गेले. देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने ते रोमन लिपीत छापावे लागले. म्हणजे साधन अपुरे होते, लिपी परकी होती. तरीही सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मंदिरांतून वाचला गेला आणि लोकांनी तो आपला मानला, कारण त्यातील आवाज ओळखीचा होता. यंत्राचे नाव आज कोणाच्या स्मरणात नाही. भाषा मात्र चार शतके टिकली. पुस्तकातील चौकटीला लावावयाची कसोटी आपल्याकडे अशी पूर्वीपासूनच आहे.

आपल्या उंबरठ्यावर

आता हा प्रश्न आपल्या घरांत आणून पाहू. विक्रोळीतील आपली कुटुंबे कोठून कोठून आली आहेत! कोणी वसईहून, कोणी अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातून, कोणी गोव्याहून आणि कोणी दक्षिणेतून. कन्नमवारनगर असो, टागोरनगर असो वा पार्कसाइटची टेकडी, घरची बोली एक, शेजाराची दुसरी आणि मुलाच्या शाळेची तिसरी, ही येथील नित्याची गोष्ट आहे. पुष्कळ आईवडिलांनी पोटाला चिमटा घेऊन मुलांना इंग्रजी माध्यमात घातले आहे. त्यांच्या निर्णयाला आम्ही दोष देत नाही. परंतु त्याचा एक परिणाम नजरेआड करता येत नाही. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर सूचना येते ती इंग्रजीत, गृहपाठाची चित्रफीत येते ती इंग्रजीत. आई ती मुलाकडूनच वाचून घेते. पूर्वी आई 'वाचून दाखव' म्हणत असे, कारण तिला मुलाचा अभ्यास तपासावयाचा असे. आता ती तेच शब्द उच्चारते, पण तिला अर्थ विचारावयाचा असतो. परीक्षकाची जागा सोडून ती मुलाच्या मेहेरबानीवर येते.

डिसले यांच्या उदाहरणाचा खरा धडा येथे आहे. परितेवाडीची मुले कन्नडभाषक होती आणि पुस्तक मराठी होते. आपली मुले मराठीभाषक आहेत आणि पुस्तक इंग्रजी. भाषेची जोडी बदलली, पेच तोच राहिला. ज्या शिक्षिका इंग्रजी पाठाबरोबर दोन मिनिटांचे मराठी स्पष्टीकरण स्वतःच्या आवाजात मुद्रित करून गटावर पाठवितात, त्या कोणत्याही पुरस्कारावाचून परितेवाडीचेच काम करीत आहेत. अशा शिक्षिका मोठ्या नाहीत असे कोण म्हणेल? याउलट कोणा दूरच्या कंपनीची झगझगीत चित्रफीत वर्गाला दाखवून स्वतः वह्या तपासत बसणे, याला साधनाचा उपयोग म्हणता येणार नाही. तेथे शिक्षक अनुपस्थित असतो, फक्त हजेरीपटावर त्याची सही असते. कृत्रिम बुद्धिमत्तेने उत्तरे लिहून देण्याच्या या काळात तर ही अनुपस्थिती अधिकच सोपी झाली आहे.

समाजमाध्यमांविषयी थोडे स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. डिसले यांच्या कामाचा एक भाग असा होता, की इंटरनेटद्वारे भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन अशा परस्परांकडे संशयाने पाहणाऱ्या देशांतील मुलांची एकमेकांशी ओळख करून द्यावयाची. आठ देशांतील सुमारे १९,००० विद्यार्थ्यांनी यात भाग घेतल्याचे पुरस्काराच्या परिचयात नमूद आहे. या माध्यमाचा याहून उदात्त उपयोग आम्हांस सुचत नाही, कारण येथे मूल प्रेक्षक नव्हते की प्रदर्शनाची वस्तूही नव्हते. ते संवादातील एक व्यक्ती होते.

आज शाळांतून जे दिसते ते पुष्कळदा याच्या उलट असते. कवितेवर मुलांना नाचवून, पाढ्यांवर टाळ्या वाजवायला लावून त्याच्या छोट्या चित्रफिती सार्वत्रिक केल्या जातात. त्यांतील काही खरोखर सुंदर असतात. परंतु या प्रकाराचा एक अंतर्गत नियम आहे: जे कॅमेऱ्यात चांगले दिसते तेच शिकविले जाऊ लागते. अडखळत वाचणारे मूल चित्रफितीत घेतले जात नाही. आणि शिक्षकाची गरज तर त्यालाच सर्वांत अधिक असते. शिवाय ज्याचा चेहरा परक्यांच्या हाती गेला, त्या मुलाला कोणी विचारले होते काय? २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक मानली आहे. हा विवेक शाळेपुरता नाही. धर्मशिक्षणाचा वर्ग, प्रथम कम्युनियनचा सोहळा, नाताळचे नाटक, या सर्वांच्या छायाचित्रांनाही तो लागू आहे.

'असर'च्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील ग्रामीण मुलांविषयी दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात स्मार्टफोनचा उपयोग अभ्यासासाठी करणारी मुले ५७ टक्के. समाजमाध्यमांसाठी करणारी ७६ टक्के. शहरातील पालकांनी यात समाधान मानण्याचे कारण नाही. युनेस्कोनेही २०२३ च्या आपल्या शिक्षण अहवालात हाच प्रश्न मध्यवर्ती ठेवला, की तंत्रज्ञान वापरावयाचे ते कोणाच्या अटींवर? अटी जर साधन विकणाऱ्याच्या असतील, तर मूल हे केवळ गिऱ्हाईक ठरते.

सारांश, डिसले यांच्या कार्याचे आमचे मूल्यमापन असे आहे. त्यांनी पुस्तकाला चौकट दिली म्हणून नव्हे, तर चौकटीत मुलांची भाषा बसविली म्हणून ते कार्य श्रेष्ठ आहे. त्यांचे अनुकरण करू पाहणाऱ्यांनी पहिली गोष्ट सोपी म्हणून उचलली आणि दुसरी कष्टाची म्हणून सोडली, तर हाती राहील ती मालाची चिठ्ठी. माता-पिता हे मुलांचे पहिले व प्रमुख शिक्षक होत, असे दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ मध्ये आपल्या शिक्षणविषयक घोषणापत्रात प्रतिपादन केले आहे. त्या अधिकाराने विक्रोळीच्या पालकांनी पुढच्या पालकसभेत शिक्षकांना आदरपूर्वक विचारावे: आपण पाठविता ती चित्रफीत आमच्या घरच्या भाषेत आम्हांला समजेल अशी करता येईल काय? आमच्या मुलाचे चित्र बाहेर जाण्यापूर्वी आम्हांला विचाराल काय? आणि घरी आल्यावर मोबाइल दोघांच्या मध्ये ठेवून मुलाला सांगावे, की बाळ, यात काय म्हटले आहे ते मला आपल्या भाषेत सांग. मूल अडखळेल, शब्द शोधील, कदाचित आईलाच एखादा शब्द विचारील. तेथूनच त्याचा अभ्यास खऱ्या अर्थाने सुरू होईल.